रोमचं प्रजासत्ताक नेमकं कोणत्या तारखेला संपलं?

हिशेबनीस

मंडळी, निवृत्त झाल्यापासून रोमचा नाद लागलाय. घरात सीझरचं नाव काढलं की बायको टीव्हीचा आवाज वाढवते, म्हणून हा काथ्याकूट इथे.

परंपरेप्रमाणे रोमनांनी आपला शेवटचा राजा हाकलला तो इ.स.पू. ५०९ मध्ये. त्यानंतर साडेचारशेहून अधिक वर्षं दरसाल दोन कॉन्सल (सर्वोच्च अधिकारी) निवडून यायचे, सेनेट म्हणजे खानदानी लोकांची सभा बसायची, दहा ट्रिब्यून नकाराधिकार घेऊन जनतेच्या वतीने आडवे यायचे. आणि पुढे बघावं तर सम्राट. मधला तो दिवस कुठला? मी वहीत तारखा मांडल्या. (पुढे जिथे नुसतं वर्ष लिहिलंय ते इ.स.पू. समजा.)

जानेवारी ४९, सीझर सैन्यासह रुबिकॉन नदी ओलांडतो, गृहयुद्ध सुरू. पण कॉन्सल त्यानंतरही होतच राहिले. १५ मार्च ४४, सीझरचा खून. त्या दिवशी तर मारणाऱ्यांना वाटत होतं की आपण प्रजासत्ताक वाचवलं. २ सप्टेंबर ३१, अ‍ॅक्टियमची आरमारी लढाई. तिच्यात कोण जिंकलं ते ठरलं, राज्य कसं चालणार ते नाही. मग १३ जानेवारी २७. या दिवशी ऑक्टेव्हियन, म्हणजे सीझरचा दत्तक मुलगा आणि त्या लढाईचा विजेता, सेनेटमध्ये उभा राहून म्हणतो, घ्या तुमचे अधिकार परत. शाळेत साम्राज्याची सुरुवात म्हणून जे साल पाठ केलं, त्याच सालात कागदोपत्री प्रजासत्ताक परत आलेलं आहे! तीनच दिवसांनी सेनेट त्याला ऑगस्टस ही पदवी देते आणि बरेचसे प्रांत, म्हणजे बरंचसं सैन्य, दहा वर्षांसाठी त्याच्याच हवाली करते.

माझी ३१ वर्षं कोषागारात गेली. एखादं खातं बंद झालं की आदेश निघतो, त्याची प्रत आमच्याकडे येते. रोमच्या बाबतीत असा आदेशच सापडत नाही. पाटी तीच, शिक्के तेच.

म्हणून मी उलटीकडून सुरुवात केली, पैसा कुठून कुठे जातो इथून. आणि माझं मत असं झालंय की हे सगळं प्रकरण मुळात निवृत्तीवेतनाचं आहे. हसू नका.

जुना रोमन सैनिक हा शेतकरी. हंगामात लढायचा, पिकं काढायला घरी. पण लढाया स्पेन, आफ्रिका, आशियापर्यंत गेल्या आणि माणसं वर्षानुवर्षं घरी परतेनाशी झाली. १०७ मध्ये मारियस या सेनापतीने ज्यांच्याकडे काहीच मालमत्ता नाही असे लोक उघडपणे भरती केले. ठीक आहे. पण मोहीम संपल्यावर या माणसाने जायचं कुठे? सेवानिवृत्तीचा नियमच नव्हता. जमीन हवी तर कायदा हवा, कायदा हवा तर रोममध्ये ज्याचं वजन आहे असा सेनापती हवा. म्हणजे सैनिकाच्या म्हातारपणाची सोय राज्याकडे नाही, साहेबाकडे. साहेब निवडणूक हरला तर जमीन गेली.

८८ मध्ये पूर्वेकडच्या मोहिमेचं नेतृत्व सुल्ला या दुसऱ्या सेनापतीकडून काढून मारियसला दिलं, तेव्हा सुल्लाच्या सैनिकांनी ताबा घ्यायला आलेल्या अधिकाऱ्यांना दगडांनी ठेचलं आणि सहा लीजन (रोमन पलटणी) थेट रोमवर चालून गेली. अ‍ॅपियन हा इतिहासकार सांगतो की एका क्वेस्टरखेरीज (हिशेबाचा अधिकारी) सुल्लाचे सगळे वरिष्ठ अधिकारी त्याला सोडून गेले. साधे सैनिक मात्र राहिले. अधिकाऱ्यांना घरी इस्टेट होती हो!

तर तुम्हीच सांगा, तारीख कुठली धरायची?

---

भोचक भवानी

पहिली! काका, एक बाळबोध शंका. सीझर पहिला सम्राट नव्हता? आम्ही आयुष्यभर तेच समजत होतो.

---

अर्धवट_वकील

भवानीताई, नव्हता. सीझर होता डिक्टेटर. हे पद प्रजासत्ताकाचंच, अडीअडचणीला सहा महिन्यांसाठी द्यायचं. सुल्लाने ते मुदतीशिवाय घेतलं, पण ७९ पर्यंत सोडून घरीही गेला. सीझरने ४४ च्या फेब्रुवारीत ते कायमचं करून घेतलं आणि महिन्याभरात मेला. २३ वार. वैद्याच्या मते त्यातला एकच जीवघेणा होता.

त्याच्या दत्तक मुलाने यातून काय धडा घेतला ते बघण्यासारखं आहे. २२ मध्ये पूर आणि धान्यटंचाई एकदम आली. लोकांनी सेनेटरांना सभागृहात कोंडलं आणि ऑगस्टसला डिक्टेटर करा नाहीतर इमारत पेटवतो म्हणाले. ऑगस्टस गुडघ्यावर बसला, अंगावरचा टोगा खांद्यावरून ओढला, उघड्या छातीने विनवण्या केल्या, पण ते पद घेतलं नाही. नाटक? असेलही. पण त्याला डिक्टेटरशिपची गरजच उरली नव्हती. वर्षभरापूर्वी त्याने जी कायदेशीर कारागिरी केली होती, तिला आमच्या बार रूममध्ये उभं राहून टाळ्या पडल्या असत्या.

३१ पासून तो दरवर्षी कॉन्सल होत होता. त्यात दोन अडचणी. एक म्हणजे बाकीच्या खानदानी लोकांना वर्षाला एकच जागा उरायची, ते धुसफुसायचे. दुसरी, दिसायला बरं दिसत नव्हतं. २३ मध्ये त्याने कॉन्सलपद सोडलं आणि बदल्यात ट्रिब्यूनचे अधिकार घेतले. लक्ष द्या: ट्रिब्यून हे पद नाही, फक्त अधिकार. ते पद फक्त प्लेबियन (सामान्य कुळातल्या) माणसाला मिळायचं आणि हा दत्तकविधानाने पॅट्रिशियन (जुन्या खानदानी कुळातला) झालेला. म्हणून पद वगळून नकाराधिकार घेतला, सभा बोलावण्याचा हक्क घेतला, अंगाला हात लावणाऱ्याला शाप देणारं संरक्षणही घेतलं. सोबत प्रांतांच्या राज्यपालांहून वरचढ असा सेनाधिकार. खुर्ची एक नाही, अधिकार मात्र सगळ्यांचे. पुढे त्याच्या कारकिर्दीची वर्षं या ट्रिब्यूनी अधिकारावरून मोजायची पद्धत पडली, मरताना ३७ वं चालू होतं.

आणि नियमाचा सोस किती? मुख्य धर्माधिकाऱ्याचं पद लेपिडसकडे होतं. हा जुना भागीदार, पण सत्तेतून केव्हाच हाकललेला. ते पद तहहयात असतं म्हणून ऑगस्टसने हिसकावलं नाही, तो मरेपर्यंत थांबला आणि १२ मध्ये घेतलं. हजारोंची डोकी उडवणारा माणूस इथे मात्र वीसेक वर्षं रांगेत उभा!

माझं मत २३. करार तेव्हा पक्का झाला.

---

शेंगदाणे_गूळ

असहमत. हिशेबनीसकाका, तुमचं लेखन आवडतं, पण पेन्शनीने सगळं समजावता येत नाही. शिवाय मारियसने एका झटक्यात सैन्य बदललं ही गोष्टही आता बरेच अभ्यासक मानत नाहीत. मालमत्तेची अट आधीपासूनच खाली खाली येत होती आणि मारियसनंतरही सक्तीची भरती चालू राहिली.

मला विचाराल तर प्रजासत्ताक १३३ मध्येच जखमी झालं. टायबेरियस ग्राकस ट्रिब्यून होता, म्हणजे त्याला हात लावणं हे पाप. त्याने सरकारी जमिनीवर माणशी ५०० युगेराची (युगेरा हे रोमन जमीनमाप) मर्यादा घालून वरची जमीन भूमिहीनांना वाटायचा कायदा आणला. आडव्या येणाऱ्या दुसऱ्या ट्रिब्यूनला मतदानाने पदावरून काढलं, हेही धड नव्हतंच. पण उत्तर काय मिळालं? सेनेटरांनी बाकांचे पाय मोडून घेतले आणि त्याला ठेचून मारलं. पुढे कोण होता, तर मुख्य धर्माधिकारी! प्रेतं टायबर नदीत. बारा वर्षांनी धाकट्या भावाची, गायसची तीच गत, फक्त या वेळी आधी सेनेटचा ठराव करून. १०० मध्ये सॅटर्निनसला सभागृहात कोंडलं, तर जमावाने छतावर चढून कौलं काढली आणि त्याच कौलांनी त्याला मारलं. एकदा राजकारणात मारलं तर चालतं हे कळलं की पुढचा प्रश्न फक्त कोणाकडे जास्त माणसं आहेत हाच.

आता एक आकडा देतो, हिशेबनीसांना आवडेल. १ डिसेंबर ५०. गृहयुद्ध दारात. क्युरिओ नावाचा ट्रिब्यून सेनेटमध्ये मांडतो की सीझर आणि त्याचा प्रतिस्पर्धी सेनापती पाँपी दोघांनीही सैन्य सोडावं. मतं पडली बाजूने ३७०, विरोधात २२. अहो, ३७० विरुद्ध २२! सेनेटला युद्ध नको होतं. पण अध्यक्षस्थानच्या कॉन्सलने, घ्या तुमचा सीझर, असं म्हणत सभा उठवली आणि स्वतःहून जाऊन पाँपीच्या हातात तलवार दिली. सहा आठवड्यांत सीझर रुबिकॉनच्या अलीकडे. हे बावीस जण पेन्शनीसाठी भांडत होते का? त्यांना सीझर कोर्टात उभा राहिलेला पाहायचा होता, आणि सीझरला कोर्टाची पायरी चढायची नव्हती. बास.

---

हिशेबनीस

@शेंगदाणे_गूळ, ३७०-२२ डोक्यात होतं, पण असं समोर मांडलेलं वाचून काटा आला. मारियसबद्दलची दुरुस्ती मान्य, वहीत नोंद केली.

पण त्या बावीस जणांच्या मागे दहा वर्षं जा. ६२ मध्ये पाँपी पूर्व जिंकून इटलीत उतरला. सगळे घाबरलेले, आता हा दुसरा सुल्ला होणार. त्याने काय केलं? ब्रुंडिझियमला सैन्य विसर्जित केलं, माणसं घरी पाठवली आणि सेनेटकडे कायद्याने मागणी केली, माझ्या सैनिकांना जमीन द्या. नियमाने चालणारा अर्जदार! सेनेटने अर्ज दाबून ठेवला. आज या दुरुस्तीवर चर्चा, उद्या त्या कलमावर.

६० सालचा एक प्रसंग डायो कॅसियस या इतिहासकाराने लिहून ठेवलाय. पाँपीचा ट्रिब्यून फ्लाव्हियस जमिनीचा कायदा रेटतोय, कॉन्सल मेटेलस केलर विरोध करतोय. ट्रिब्यूनने चक्क कॉन्सललाच तुरुंगात टाकलं. कॉन्सल म्हणाला, हरकत नाही, सेनेटची बैठक तुरुंगात घेऊ. ट्रिब्यूनने आपला बाक तुरुंगाच्या दारात टाकला आणि त्यावर बसला, कारण त्याला ओलांडून जाणं म्हणजे पाप. मग कॉन्सलने आतून हुकूम सोडला, सेनेटला आत यायला भिंत फोडा! शेवटी पाँपीलाच लाज वाटली, त्याने फ्लाव्हियसला उठायला सांगितलं.

मला हे दृश्य फार आवडतं. दोघेही नियमाप्रमाणे वागतायत, एक शब्द बेकायदा नाही, आणि बाहेर हजारो माणसं जमिनीची वाट बघतायत.

त्याच पाँपीला मग सीझर आणि धनाढ्य क्रॅससशी हातमिळवणी करावी लागली. ५९ मध्ये सीझर कॉन्सल झाला आणि कायदा मंजूर करून घेतला. कसा? दुसरा कॉन्सल बिब्युलस विरोध करायला फोरममध्ये आला तर त्याच्या डोक्यावर शेणाची टोपली ओतली. तो जो घरी जाऊन बसला तो वर्ष संपेपर्यंत आकाशातले अपशकुन जाहीर करत राहिला. लोक म्हणू लागले, यंदा कॉन्सल दोन आहेत, एक ज्युलियस आणि दुसरा सीझर. सैनिकांना मात्र कळलं की अर्ज करून जमीन मिळत नाही, शेण ओतून मिळते.

---

भोचक भवानी

शेणाची टोपली! काका, हे शाळेत का नाही शिकवत?

---

राईनकाठचा

वाचतोय, छान धागा. वाचनखूण साठवली.

गेल्या वर्षी रोमला गेलो होतो, दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सीझर मेला ती जागा कॅपिटॉलजवळच्या फोरममध्ये नाही. सेनेटची बैठक त्या दिवशी पाँपीच्या नाट्यगृहाला जोडलेल्या सभागृहात होती आणि तो पडला पाँपीच्याच पुतळ्याच्या पायाशी. तिथे आता लार्गो अर्जेंतिना नावाचा चौक आहे, ट्रामचा थांबा आणि रस्त्याच्या पातळीखाली चार जुन्या देवळांचे अवशेष. गोल देवळाच्या मागे सभागृहाच्या पायाचे दगड दिसतात. त्यावर मांजरं झोपलेली. बायकोने दीड तास मांजरांचे फोटो काढले, इतिहासाचे दोन.

दुसरी जागा तिथून चालत दहा मिनिटांवर. पँथिऑनच्या शेजारी विटांच्या भिंतीचा एक तुकडा उभा आहे, कोणी ढुंकूनही बघत नाही. ती सेप्टा ज्युलिया, म्हणजे मतदानाची जागा. पूर्वी मतदार मेंढरांसारखे लाकडी कुंपणांतून रांगेने जायचे. सीझरने ठरवलं की हे सगळं संगमरवरात बांधायचं, भोवती मैलभर लांब ओवरी. बांधून पूर्ण कधी झालं? इ.स.पू. २६ मध्ये, ऑगस्टसचा सहकारी अग्रिप्पा याच्या हातून. बाजूला मतं मोजायची वेगळी इमारतही झाली, ती ७ मध्ये, आणि रोममधलं सर्वांत मोठं एकसंध छप्पर तिचंच होतं म्हणे.

मतदानाचा इतका देखणा वाडा रोमला कधीच नव्हता, आणि मिळाला तेव्हा कोण निवडून येणार ते आधीच ठरत होतं. ऑगस्टसच्याच काळात तिथे ग्लॅडिएटरचे खेळ व्हायला लागले. इ.स. १४ मध्ये ऑगस्टसचा वारस, सम्राट टायबेरियस याने कॉन्सल-प्रीटरच्या (प्रीटर म्हणजे न्यायाधिकारी) निवडणुका मैदानातून सेनेटमध्ये नेल्या. टॅसिटस हा इतिहासकार म्हणतो की लोकांनी थोडी कुरकुर केली, बाकी काही नाही. पुढे तिथे श्रीमंतांचा बाजार भरायचा.

तारीख विचारत असाल तर माझं मत त्या दिवसाला, ज्या दिवशी तिथे पहिला ग्लॅडिएटर उतरला.

---

पाटीपेन्सिल

कोणीच कसं म्हणालं नाही? साताऱ्याला छत्रपती, पुण्याला पेशवे, आणि पेशवाईची वस्त्रं मात्र शेवटपर्यंत साताऱ्याहून. सेम टू सेम!

---

अर्धवट_वकील

@पाटीपेन्सिल, वाटलंच होतं हे येणार. :) पण सेम नाही. तिथे गादी होती आणि सत्ता गादीकडून कारभाऱ्याकडे गेली. रोममध्ये गादीचं नावच घेता येत नव्हतं, 'रेक्स' म्हणजे शिवी. म्हणून तर ऑगस्टसने स्वतःला प्रिन्सेप्स म्हणवून घेतलं, नागरिकांतला पहिला. वारसा कसा द्यायचा याचा नियमही करता आला नाही. नसलेल्या पदाला वारस कसा नेमणार? पुढच्या शतकांतली अर्धी रक्तपात-प्रकरणं या एका अडचणीतून निघाली. पेशवे-छत्रपतींवर वेगळा धागा काढा, इथे नको.

---

गोदाकाठ

अवांतर: ऑगस्टसने स्वतःच्या कामांची यादी कोरून ठेवायला सांगितली होती, तिची सर्वांत चांगली राहिलेली प्रत तुर्कस्तानात अंकाराच्या देवळाच्या भिंतींवर आहे. त्यात तो म्हणतो की भारतातल्या राजांची शिष्टमंडळं माझ्याकडे वारंवार आली. इजिप्त त्याच्या हातात आलं आणि तांबड्या समुद्रातून आपल्याकडे येणारी जहाजं वाढली, त्यानंतरच्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या टिपणात सोपारा, कल्याण, पैठण, तेर ही नावं येतात. कोल्हापूरच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीला सापडलेला छोटासा पोसायडन (ग्रीकांचा समुद्रदेव) पाहिलाय का कोणी? नसेल तर जाऊन या.

आणि समांतर: त्याच यादीत तो म्हणतो की माझा मान सगळ्यांपेक्षा जास्त होता, पण अधिकार माझ्या सहकाऱ्यांपेक्षा जास्त नव्हता. वकीलसाहेब, हे खोटं म्हणायचं का?

---

अर्धवट_वकील

एकेक पद सुटं धरलं तर खरं. शपथेवर सांगता येईल असं खरं.

---

हिशेबनीस

@गोदाकाठ, ती यादी आली म्हणून बरं झालं. तिच्यात आकडे आहेत, आणि मी ते झोप सोडून वाचलेत. माझी तारीख त्यातूनच निघते.

आधी थोडं मागे. ४३ मध्ये १९ वर्षांचा ऑक्टेव्हियन कॉन्सलपद मागतो, सेनेट टाळाटाळ करते. त्याचे सैनिक शिष्टमंडळ घेऊन सेनेटमध्ये जातात, वचन दिलेले पैसे आणि साहेबाला पद, दोन्ही मागण्या एकत्र. कॉर्नेलियस नावाचा सेंच्युरियन (तुकडीचा नायक) अंगरखा बाजूला करून तलवारीची मूठ दाखवतो आणि म्हणतो, तुम्ही केलं नाहीत तर ही करेल. त्याच वर्षाअखेरीस ठार मारायच्या माणसांच्या याद्या लागल्या, सिसेरो या नामवंत वक्त्याचं डोकं आणि हात फोरमच्या व्यासपीठावर टांगले गेले. सीझरच्या मारेकऱ्यांशी झालेल्या फिलिपायच्या लढाईनंतर इटलीतल्या अठरा गावांच्या जमिनी काढून सैनिकांना वाटल्या. गावकऱ्यांचा गुन्हा काय, तर गावं सुपीक.

आता यादी. आपण जमिनी नंतर विकत घेतल्या असं तो अभिमानाने सांगतो: इटलीत ६० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी), प्रांतांत २६ कोटी. तीन लाखांहून जास्त सैनिकांची वसाहतीत किंवा आपापल्या गावी सोय केली. हे कळायला वकील लागत नाही, कारकून पुरतो.

आणि मग इ.स. ६. सैन्याचा वेगळा खजिना उघडला. सुरुवातीची ठेव ऑगस्टसच्या खिशातून, १७ कोटी. त्याच्या आदल्या वर्षी दर ठरलेला: २० वर्षं नोकरी, नंतर १२,००० सेस्टर्स. साध्या सैनिकाचा पगार वर्षाला ९०० होता, म्हणजे तेरा वर्षं चार महिन्यांचा पगार एकरकमी. १७ कोटींना १२ हजारांनी भागलं की साधारण चौदा हजार माणसं होतात. ठेव एकदाची, माणसं दरवर्षी निघणार. म्हणून नियमित उत्पन्न लावलं: वारसाहक्काच्या मालमत्तेवर ५ टक्के कर, जवळच्या नातेवाइकांना आणि गरिबांना सूट.

सेनेटर खवळले. तेव्हा ऑगस्टस म्हणाला, बरं, दुसरा मार्ग सुचवा. कोणी सुचवेना. मग त्याने जमिनी आणि घरांवर कर बसवतो म्हणून मोजणीला माणसं पाठवली. त्याबरोबर सगळ्यांना ५ टक्के गोड लागले. आमच्या खात्यातही ही युक्ती चालायची, जास्त सांगत नाही.

या सेनेटरांच्या पणजोबांनी हेच पाँपीच्या किंवा सॅटर्निनसच्या वेळी केलं असतं, थोडा कर, एक खजिना, तर सेनापतींच्या हातात काय उरलं असतं? ते जमलं नाही. आणि जमलं तेव्हा खजिन्याची किल्ली एकाच घराकडे होती. माझी तारीख इ.स. ६. त्यानंतर परत फिरणं नाही.

---

शेंगदाणे_गूळ

काका, अर्धं पटलं. पण तुमच्या त्या खजिन्यातून पैसे वेळेवर सुटत होते का, हेही बघा की.

इ.स. १४, ऑगस्टस मेला. लगेच डॅन्यूबकडच्या आणि ऱ्हाइनकडच्या दोन्ही सैन्यांत बंड. कागदावर २० वर्षं, प्रत्यक्षात माणसं ३०-३० वर्षं झेंड्याखाली अडकलेली. सुटका झालीच तर दलदलीचा नाहीतर डोंगराचा तुकडा, त्याला म्हणायचं शेत. एका सेंच्युरियनचं टोपणनाव 'दुसरी आण', कारण पाठीवर वेलीची छडी मोडली की तो ओरडून दुसरी मागायचा. त्याला बंडात मारलं.

ऱ्हाइनवर टायबेरियसचा पुतण्या, सेनापती जर्मॅनिकस समजूत घालायला गेला. म्हातारे सैनिक त्याचा हात चुंबन घेण्यासाठी धरायचे आणि त्याची बोटं आपल्या तोंडात घालायचे. दात पडलेल्या हिरड्या हाताला लागाव्यात म्हणून.

---

राईनकाठचा

मी राहतो तिथून ती छावणी फार लांब नाही. पुढचं पण सांगा. जर्मॅनिकसने टायबेरियसच्या नावाने खोटं पत्र वाचून सवलती दिल्या, आणि पैसे? स्वतःच्या आणि सोबत्यांच्या प्रवासखर्चातून. वर्षभरात टायबेरियसने सांगितलं की खजिन्याला परवडत नाही, २० वर्षांच्या आत कोणाची सुटका नाही.

---

हिशेबनीस

@शेंगदाणे_गूळ, हिरड्यांचं माहीत नव्हतं.

आमच्याकडे हयातीचा दाखला द्यायला एक गृहस्थ यायचे, ऐंशीच्या पुढचे. खिडकीतून हात आत घालून माझा हात धरायचे आणि म्हणायचे, बघा साहेब, गरम आहे ना?

तारखेचा विचार परत करतो. उद्या लिहीन.